जवळचा पाहुणा : साथीनंतरची राष्ट्रीय उद्यानं



ज्यांच्या स्मरणार्थ आपण ही व्याख्यानमाला चालवता ते सर आयुष्यभर भूगोल शिकवत राहिले, तेही याच चंद्रपूर जिल्ह्यात. त्यांच्या नावाने बोलायचं तर विषय इथल्या मातीतला असावा असं वाटलं. सभागृहात ताडोब्याचे गाईड आणि जिप्सीचालकही बसले आहेत. त्यांच्यासमोर जंगलाबद्दल बोलायला धीर लागतो. तरी बोलतो, कारण कोरोना साथीच्या दोन वर्षांत राष्ट्रीय उद्यानांचं जे झालं त्याचा हिशेब आपण नीट मांडलेला नाही.

आपल्या कानावर जी गोष्ट आली ती अशी. टाळेबंदी लागली, माणसं घरात बसली, प्राणी मोकळे झाले. मग दारं उघडली आणि कोंडलेली माणसं निसर्गाकडे धावली, उद्यानांमध्ये गर्दी उसळली. यातला प्रत्येक तुकडा कुठे ना कुठे खरा आहे. पण सगळी गोष्ट सांगून झाल्यावरही एक प्रश्न राहतो, धावली ती माणसं कोण होती? माझं म्हणणं थोडक्यात असं : साथीने दूरचा पाहुणा थांबवला आणि जवळचा पाहुणा फाटकावर आणून उभा केला. आपली उद्यानं मात्र दूरच्याच्या सोयीने बांधलेली होती आणि आजही तशीच आहेत.

सुरुवात अमेरिकेपासून करतो, कारण तिथे आकडे नीट ठेवले जातात. आपल्यापैकी अनेकांची मुलं तिकडे आहेत, त्यांच्यासोबत यलोस्टोन पाहून आलेलेही इथे असतील. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे चारशेहून अधिक ठिकाणं आहेत. त्यांत जंगलं आहेत, दऱ्या आहेत, तशा जुन्या रणभूमी आणि शहरातली स्मारकंही आहेत. या सगळ्यांना मिळून २०१९ मध्ये सुमारे ३२ कोटी ७५ लाख भेटी झाल्या. २०२० मध्ये हा आकडा २३ कोटी ७० लाखांवर आला आणि २०२१ मध्ये २९ कोटी ७० लाखांपर्यंत पुन्हा चढला. नुसती बेरीज पाहिली तर वाटेल की पर्यटन खाली गेलं आणि हळूहळू सावरलं. पण बेरीज फसवते. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यासारखी, बोटीत दाटीने बसून जायची ठिकाणं ओस पडली. त्याच वेळी मोकळ्या आभाळाखालची उद्यानं भरून वाहू लागली. २०२१ मध्ये एकूण बेरीज २०१९ पेक्षा कमी असूनही ४४ ठिकाणांनी आपापल्या इतिहासातला उच्चांक गाठला, आणि एकूण भेटींपैकी चौथा हिस्सा अवघ्या आठ उद्यानांच्या वाट्याला गेला.

यलोस्टोनकडे जरा थांबून पाहू. २४ मार्च २०२० रोजी ते बंद झालं. १८ मे रोजी वायोमिंगच्या बाजूची दोन फाटकं उघडली आणि १ जूनला मोंटानाच्या बाजूची. म्हणजे जवळजवळ दोन महिने उद्यान पूर्ण बंद होतं. तरीही त्या वर्षाअखेर ३८ लाखांवर भेटी नोंदल्या गेल्या, आदल्या वर्षीपेक्षा सुमारे दोन लाखांनीच कमी. ही भर कुठून आली? एरवी शाळा सुरू झाल्या की तिथला हंगाम ओसरायला लागतो. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये, जेव्हा तिथे बर्फ पडायला लागतं, सुमारे ३ लाख ६० हजार भेटी झाल्या, आदल्या ऑक्टोबरच्या दुपटीहून जास्त. मुलांची शाळा पडद्यावर होती, आईवडिलांचं काम लॅपटॉपवर होतं. सुट्टी आणि कामाचे दिवस यांच्यातली भिंत पडली होती. विमान नको म्हणून लोक आपली गाडी काढून निघाले. चिनी पर्यटकांच्या मोठाल्या बसगाड्या, ज्यांची तिथल्या छोट्या गावांनी सवय करून घेतली होती, त्या दिसेनाशा झाल्या. पुढच्या वर्षी जुलै २०२१ मध्ये एकाच महिन्यात तिथे दहा लाखांहून अधिक भेटी झाल्या. असं पूर्वी कधीच झालं नव्हतं.

एक बस गेली की तिच्यातली पन्नास माणसं पंधरा-वीस मोटारींत बसून येतात. त्यांना उभं करायला जागा लागते. बसमध्ये वाटाड्या असायचा. तो सांगायचा की बायसनजवळ जाऊ नका, गरम झऱ्यात हात घालू नका. मोटारीत सांगणारं कुणी नव्हतं, आणि येणाऱ्यांत पहिल्यांदाच जंगल पाहणारे पुष्कळ होते. युटामधल्या आर्चेस उद्यानाला तर २०२१ मध्ये सकाळीच जागा भरल्यामुळे शंभराहून अधिक वेळा फाटक लावून घ्यावं लागलं.

यावर उपाय निघाला वेळ ठरवून प्रवेश देण्याचा. योसेमिटी आणि रॉकी माउंटन या उद्यानांनी जून २०२० पासून आधी नोंदणी सक्तीची केली. कारण साथीचं होतं, पण साथ ओसरल्यावरही ही पद्धत अनेक ठिकाणी राहिली. आर्चेसने तर ती एप्रिल २०२२ पासून लागू केली. मला ही पद्धत चुकीची वाटत नाही. जंगलाला सोसेल इतकीच माणसं आत सोडावीत, यात वाद नसावा. पण नोंदणीने एक चाळणी लागते. ज्याच्याकडे इंटरनेट आहे, ज्याला दोन महिन्यांनंतरच्या मंगळवारी आपण कुठे असू हे आज ठाऊक आहे, तो आत जातो. शेजारच्या गावातला मजूर, ज्याला रविवारी सुट्टी मिळेल की नाही हे शनिवारी रात्री कळतं, तो बाहेर राहतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपल्याकडे तो जास्त बोचतो.

आता दुसरं टोक पाहू. युगांडातलं ब्विंडी हे डोंगरी गोरिलांचं घर. तिथे परदेशी पाहुण्याचा एका दिवसाचा परवाना २०२० मध्ये सहाशे-सातशे डॉलरला होता. रखवाली, गाईड, ओझी वाहणारे पोरगे, आसपासच्या गावांना मिळणारा वाटा, सगळं त्या परवान्यांवर उभं. मार्च २०२० मध्ये ते बंद झाले. १ जून २०२० रोजी रफिकी नावाचा, सुमारे पंचवीस वर्षांचा, एका गटाचा म्होरक्या असलेला नर गोरिला रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या माणसाच्या भाल्याने मेला. त्या माणसाला पुढच्याच महिन्यात अकरा वर्षांची शिक्षा झाली. कायद्याने आपलं काम केलं. पण रखवालीचा पैसा ज्या दिवशी विमानातून यायचा थांबला, त्या दिवशी रानाची कड किती उघडी पडली हेही त्या घटनेत दिसतं. अमेरिकेत दूरचा गेला तर जवळच्याने जागा भरली. ब्विंडीत जवळच्यासाठी जागाच ठेवलेली नव्हती.

दक्षिण आफ्रिकेत मात्र उलटं घडलं. गेंड्यांची शिकार २०१९ मधल्या ५९४ वरून २०२० मध्ये ३९४ वर आली, कारण रस्ते बंद असल्याने शिंगासाठी लांबून येणाऱ्या टोळ्यांना हलता येईना. आपल्याकडे काय झालं? वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेच्या भारतातल्या शाखेने टाळेबंदीआधीचे सहा आठवडे आणि टाळेबंदीतले सहा आठवडे ताडून पाहिले. शिकारीच्या नोंदलेल्या घटना ३५ वरून ८८ वर गेल्या होत्या. त्यांत मोठी वाढ होती ती खाण्यासाठी आणि जवळच्या बाजारासाठी केलेल्या शिकारीची : ससा, साळिंदर, खवले मांजर, माकड. दूरचा शिकारी अडला आणि जवळचा उपाशी माणूस फासा घेऊन रानात गेला. ‘माणूस हटला आणि निसर्ग बहरला’ असं त्या दिवसांत आपण फार सहज म्हणून गेलो.

प्राण्यांमध्ये बदल झाला नाही असं मी म्हणत नाही. जगभरातल्या ४३ जातींच्या सुमारे २३०० सस्तन प्राण्यांच्या गळ्यातल्या पट्ट्यांचा अभ्यास २०२३ मध्ये सायन्स या नियतकालिकात आला. माणसांचा वावर जास्त असलेल्या भागांत, टाळेबंदीच्या काळात, हे प्राणी आदल्या वर्षीपेक्षा सरासरी ३६ टक्के रस्त्यांच्या जवळ आलेले आढळले. म्हणजे गाड्या थांबल्याचं त्यांना कळत होतं. पण रस्त्यावरची गाडी थांबणं वेगळं आणि रानात माणूस नसणं वेगळं.

आता आपल्या घरी येऊ. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, राज्यातलं पहिलं. मार्च २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात इथली पर्यटनाची दारं बंद झाली. ५ एप्रिलला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातली नादिया नावाची वाघीण कोरोनाबाधित असल्याचं जाहीर झालं, आणि दुसऱ्याच दिवशी केंद्राने राष्ट्रीय उद्यानांत माणसांचा वावर कमी करण्याच्या सूचना काढल्या. तोवर आपण वाघापासून माणसाला जपत होतो. आता माणसापासून वाघाला जपायची वेळ आली होती.

पण तो महिना कोणता होता ते आठवा. मोहफुलांचा होता. मार्चच्या मध्यापासून एप्रिलभर फुलं पडतात, आणि पडतात ती पहाटे. अंधारातच टोपली घेऊन बाया निघतात. झाडाखालचा पालापाचोळा आधी झाडून घेतात, मग वाकून एकेक फूल वेचतात. उजाडल्यावर उशीर होतो, गुरं आणि हरणं फुलं खाऊन जातात. वेचलेली फुलं अंगणात वाळत घातली की घरभर तो गोडसर, डोक्यात जाणारा वास भरून राहतो. पाठोपाठ तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. त्या वर्षी शहरातली मजुरी बुडाली होती, हैदराबादकडे कामाला गेलेली पोरं पायी परतली होती. एरवी दोन टोपल्या वेचणाऱ्या घराला चार वेचणं भाग होतं. वाकलेली बाई झुडपातल्या वाघाला बाई दिसत नाही, सावज दिसतं. पर्यटक घरी होते त्याच काळात या जिल्ह्यात माणसं वाघाच्या तोंडी गेली. राजुरा भागातला आरटी-१ वाघ २०२० च्या ऑक्टोबरअखेर जेरबंद झाला, तोवर त्याच्या नावावर अनेक माणसांचे बळी लागले होते. ताडोब्याच्या मोहर्ली फाटकावरच्या एका गाईडशी त्या दिवसांबद्दल मी बोललो, तेव्हा ते सहज म्हणाले की जंगल कधी बंद नव्हतंच, गाडी बंद होती. त्यांच्या त्या एका वाक्याने मला या विषयाकडे बघायला शिकवलं.

ताडोब्यात पाहुण्यांची गर्दी अमेरिकेसारखी उसळली का? उसळूच शकत नव्हती, कारण आपल्याकडे आधीच कुंपण होतं. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन तात्पुरतं थांबवलं होतं. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सुरू झालं ते नव्या मार्गदर्शक तत्त्वांसह : गाभ्याचा जास्तीत जास्त वीस टक्के भाग पर्यटनासाठी, आणि दर फाटकातून ठरलेल्या संख्येइतक्याच गाड्या. म्हणून कोअरमध्ये, म्हणजे या गाभ्यात, गर्दीचा आकडा वाढत नाही, वाढते ती प्रतीक्षा. मग पाणी भरलेल्या तळ्यातून जसं सांडव्यावाटे वाहतं, तशी मागणी गाभ्याभोवतीच्या बफर पट्ट्याकडे वाहिली. १ जुलै २०२० रोजी, कोअर पावसाळ्यासाठी एरवीही बंद असतं त्या दिवसांत, बफरची फाटकं आधी उघडली. कोअर उघडलं ते १ ऑक्टोबरला.

त्या पहिल्या दिवसांतलं फाटक डोळ्यांसमोर आणा. कपाळाला रोखलेलं तापमापक, हातावर सॅनिटायझर, जिप्सीत सहाऐवजी चारच माणसं, दहा वर्षांखालची मुलं आणि पासष्टीपुढचे ज्येष्ठ यांना मज्जाव. गाईडच्या तोंडावर मास्क, त्यामुळे चितळाचा इशाऱ्याचा कॉल ऐकून ‘थांबा’ म्हणायचं ते त्याला हातानेच सांगावं लागे. पाहुणे कोण होते? नागपूरचे, पुण्याचे, मुंबईचे, तेलंगणातले, स्वतःच्या गाडीने आलेले. परदेशी कुणी नव्हतं. पर्यटक व्हिसा मार्च २०२० मध्ये थांबले ते नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वसाधारणपणे सुरू झाले, आणि नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा तर २७ मार्च २०२२ ला. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेने पुन्हा कुलूप लागलं, जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेने थोड्या दिवसांसाठी. दर वेळी कुलूप निघालं की शनिवार-रविवारच्या फेऱ्या भरत. देशी पाहुण्याने ताडोबा तारला. ब्विंडीच्या तुलनेत आपलं नशीब चांगलं म्हणायचं, आणि त्याचं श्रेय त्या पाहुण्याला द्यायला हवं. त्याच्या पैशातून बफरमधल्या किती घरांच्या चुली पुन्हा पेटल्या हे या सभागृहातल्या माणसांना मी सांगायची गरज नाही.

मुंबईचं उदाहरण याहून वेगळं आहे. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, वस्तीने वेढलेलं. एरवी वर्षाला वीस लाखांहून अधिक माणसं तिथे जातात, सहलीला, कान्हेरीच्या लेण्यांना, वनराणी या छोट्या आगगाडीत बसायला. ऑक्टोबर २०२० मध्ये ते उघडायला लागलं तेव्हा पहिला मान मिळाला सकाळी फिरायला येणाऱ्यांना. सहा महिने वन बीएचकेमध्ये कोंडलेल्या माणसाला वाघसिंह पाहायचे नव्हते. त्याला झाडाखालून तासभर चालायचं होतं. राष्ट्रीय उद्यानाचा हा उपयोग कुठल्याही माहितीपत्रकात ठळक छापत नाहीत, पण माझ्या मते मुंबईसारख्या शहरात तो पहिल्या क्रमांकाचा आहे. त्याच उद्यानात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या वारली आणि मल्हार कोळी बाया सहलीला येणाऱ्यांना काकडी, चिंचा, कैऱ्या विकतात. सकाळचा फिरणारा चांगला, पण तो हातात पैसे घेऊन फिरत नाही. पाहुणा बदलला की कुणाचं पोट बदलतं हे तिथे टोपलीवरून दिसत होतं. पुढे मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने वनराणीचे रूळही उखडले, आणि मुलांना घेऊन येणारी कुटुंबं आणखी लांबली.

तर आता प्रश्न असा की ‘जवळचा’ म्हणजे किती जवळचा. अमेरिकेत तो स्वतःची गाडी असलेला शेजारच्या राज्यातला माणूस होता, ताडोब्यात पुण्या-नागपूरचा. मी याच्याही पुढे जाऊन म्हणतो की खरा जवळचा तो, ज्याच्या शेताच्या बांधावर वाघाचे पगमार्क उमटतात. साथीत जंगलात शेवटपर्यंत तोच होता. आणि पाहुणा म्हणून फाटकातून आत जाण्याची संधी सगळ्यात कमी त्यालाच मिळते. महिनोन्‌महिने आधीची ऑनलाइन नोंदणी, जिप्सीचं भाडं, गाईडचे पैसे, हे जुळवून आणणं बफरमधल्या शेतमजुराच्या आवाक्याबाहेरचं आहे. ज्या वाघाने त्याची गाय नेली तो वाघ त्याने शांतपणे, गाडीत सुरक्षित बसून, मुलाला मांडीवर घेऊन कधी पाहिलेलाच नसतो. त्याच्या मनात वाघाची एकच प्रतिमा असते आणि ती भीतीची. अशा माणसाकडून आपण वाघ वाचवण्याची अपेक्षा करतो. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि संवर्धनाच्या दृष्टीनेही ते शहाणपणाचं नाही.

वनखात्याला याची जाण नाही असं नाही. बफरमधल्या शाळकरी मुलांना जंगल दाखवायचा ‘चला माझ्या ताडोबाला’ हा उपक्रम मला फार मोलाचा वाटतो. श्यामाप्रसाद मुखर्जी जनवन विकास योजनेतून २०१५ पासून गावांपर्यंत गॅस, कुंपण, रोजगार पोचवायचा प्रयत्न झाला. पण या गोष्टी जोडकामासारख्या राहतात. मूळ घडी अजून दूरच्या पाहुण्याभोवतीच आहे. आता परदेशी पाहुणे परतले आहेत, रिसॉर्ट वाढत आहेत, आणि साथीत शिकलेलं विसरायला एवढी चार-पाच वर्षं पुरेशी आहेत. पुढची साथ येईल, किंवा पूर, किंवा न्यायालयाचा एखादा आदेश. फाटक पुन्हा कधीतरी बंद होईलच. त्या वेळी गाईडच्या घरात दोन-तीन महिन्यांचा किराणा निघेल एवढा राखीव निधी दर फेरीच्या शुल्कातून आजच बाजूला पडायला हवा. २०२० मध्ये तो असता तर किती जणांना सावकाराची पायरी चढावी लागली नसती.

म्हणून चंद्रपूरकरांना माझी विनंती आहे. दर फाटकावर, दर फेरीला, जिल्ह्यातल्या माणसासाठी एक गाडी राखून ठेवावी, त्याच दिवशी खिडकीवर, परवडेल अशा दरात. बफरच्या गावातल्या प्रत्येक मुलाने दहावीच्या आत एकदा तरी जंगल आतून पाहावं. यासाठी कायदा बदलावा लागत नाही आणि गाड्यांची संख्याही वाढवावी लागत नाही, आहे त्यातलीच एक जागा वळवायची आहे. इथे बसलेल्यांपैकी जे बफरमधल्या गावांचे आहेत त्यांनी पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा आणि परिसर विकास समितीमार्फत क्षेत्र संचालकांपर्यंत पोचवावा. मसुदा लिहायला मदत लागली तर मला बोलवा, मी येईन.